गायरानातला चारा

आवडाबाईंची ढवळी गाय दावं सुटलं की सवयीनं गायरानाकडेच जायची आणि तारेच्या कुंपणाशी उभी राहून आत बघत बसायची. पूर्वी तिथं गुडघाभर गवत असायचं. आता डेअरीचे चेअरमन गजाअण्णांनी ते गायरान दाबून पोल्ट्रीचं शेड ठोकलं होतं. चारा मिळेना, तेव्हा आवडाबाई शेडबाहेर टाकलेलं कोंबडखत आणून, झाकून मुरवून, भुशात कालवून ढवळीला घालू लागल्या.

हे कानावर गेलं आणि अण्णांचं पित्त खवळलं. डेअरीवर भर रांगेत ते कडाडले, "कोंबड्यांची घाण खाणाऱ्या गाईचं दूध इथं चालणार नाही! गाईनं गायरानातलं खावं, ही गावाची रीत आहे."

आवडाबाईंनी किटली खाली ठेवली. "रीत कुठं मोडली, अण्णा? माझी गाय अजून गायरानातलंच खाते. गवत होतं तेव्हा गवत खाल्लं. आता तुम्ही तिथं जे पिकवता, ते खाते."

रांगेत कुणी हसलं नाही. सगळ्यांच्याच गाई त्या कुंपणाशी उभ्या राहायच्या. अण्णांनी नुसती होकाराची मान हलवून दूध घ्यायला लावलं.

संध्याकाळी ढवळी पुन्हा कुंपणाशी गेली. आवडाबाईंनी तिला हाक मारली नाही. वाऱ्यावर गवताचा वास येतोय का बघत त्याही तारेला धरून उभ्या राहिल्या.