आंबा घाटातली डुलकी

"मी अख्खा घाट चढवून आणला आणि तुम्ही झोपलात?"

सन्मतीनं गाडी मलकापुरात एका चहाच्या टपरीपाशी उभी केली होती. तोंड लालबुंद.

शेजारच्या सीटवर दस्तगीरचाचा डोळे चोळत होते.

मी मागं बसलेलो. सन्मती माझा पुतण्या. नुकतंच लायसन्स हातात आलेलं. गाडी थोरल्या भावानं, आमच्या अण्णांनी, त्याच्यासाठी घेतलेली जुनी फियाट. सायीच्या रंगाची, गिअर स्टिअरिंगपाशी, पुढची सीट बाकासारखी सलग. आता तसल्या गाड्या दिसत नाहीत. चुकून एखादी दिसलीच, तर मी आजही गिऱ्हाईक सोडून दुकानाच्या पायरीवर येतो.

अण्णांची अट एकच होती. घाट बघून चाचा हो म्हणतील तेव्हाच किल्ली. सोमवारी कोल्हापुरात कॉलेज सुरू व्हायचं होतं, आणि पठ्ठ्यानं मित्रांना आधीच सांगून ठेवलेलं, की गाडीनं येतो!

चाचांनी उभा जन्म ट्रक चालवला. मग ते पिराच्या दर्ग्यात दिवाबत्ती बघायला लागले. पण जयसिंगपुरात कुणाचंही पोर स्टिअरिंगवर बसायचं झालं, की बोलावणं यांनाच.

"ऐन चढावर ट्रकला वाट दिली, ती तरी बघितली का?"

"नाही बाळ."

"थांबवून परत उचलली गाडी! बोटभर मागं गेली नाही!"

"असं?"

"मग अण्णांना काय सांगणार तुम्ही?"

चाचांनी खिडकीची काच खाली केली.

"वय झालं, बसवत नाही, असं सरळ सांगायचं होतं की!"

"सन्मती, जीभ आवर," मी म्हटलं.

चाचांनी नुसता हात वर केला. राहू दे.

गुळाची भेली मी नुसत्या वासावर पारखतो, पण या माणसाचा अंदाज मला कधी आला नाही. तो सगळा उन्हाळा ते सन्मतीशेजारी बसले, पण वळण आलं की यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचाच. तिथं ब्रेक ना काही.

"चाचा, तुमच्याकडं ब्रेक नाही हो!" पोरगं हसायचं.

"आहे की," म्हणायचे, आणि पुन्हा दाबायचे. मॅटला तिथं खळगा पडला.

एसटीत तर त्याहून तऱ्हा. एकदा बेळगावला लग्नाला निघालो होतो. अख्खं वऱ्हाड घोरतंय, आणि चाचा ताठ. म्हटलं, "टेका की जरा." तर म्हणाले, "शेठ, ड्रायव्हरची नि माझी अजून ओळख नाही."

टपरीवाल्यानं खिडकीतून चहाचे ग्लास दिले. चहा संपवून चाचा उतरायला गेले आणि पायानं खाली काहीतरी चाचपायला लागले.

"आता काय?" सन्मती अजून फुरंगटलेलाच.

"चपला रे. कुठं काढल्या कुणास ठाऊक."

तेव्हा माझं लक्ष गेलं. चाचा इतका वेळ सीटवर मांडी घालून बसले होते.

सन्मती वाकला. सीटखाली हात घालून त्यानं चपला ओढल्या. चपला हातात आल्या, तरी पोरगं वर येईना. खाली मॅटवरच्या खळग्याकडंच बघत राहिलं...

वर आला तेव्हा आवाज उतरला होता.

"चाचा... तुम्हाला कुठपर्यंतचं आठवतंय?"

"साखरपा आलं होतं बघ. घाटाच्या पायथ्याला."

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही."

 रस्त्यावरून कडब्याची एक बैलगाडी करकरत गेली.

सन्मतीनं चपला हळूच जागेवर ठेवल्या. गाडी सुरू केली.

"सरळ रस्त्यानं गेलो, तर दिवे लागायच्या आत घरी पोचू, चाचा."

चाचांनी मांडी नीट जमवली, डोकं सीटला टेकलं, डोळे मिटले.

"पन्हाळ्यावरनं घे रे... लांब पडू दे."