समुद्रात पडलेल्या विहिरी

“विहीर कधी समुद्रात असते का, बाबा?”

पराशरने लॅपटॉप दर्ग्याच्या ओट्यावर ठेवला, तोही मासळीची पाटी आदळावी तसा.

दाऊदबाबा अंगण झाडत होते. झाडतच राहिले.

मोजणी खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी साखळी ओढली होती. त्यांचं एक पाऊल म्हणजे बरोबर अडीच फूट, असं गावात म्हणतात. मी एकदा टेप लावून पाहिली, तर टेपच बोटभर चुकीची निघाली. पराशरला नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं. आता तो तालुक्याचा नकाशावाला. तीन सॉफ्टवेअरं कोळून प्यायलोय, असं सांगतो. पाणी किती घातलं होतं ते सांगत नाही.

“कुणाच्या विहिरी?” बाबांनी विचारलं.

“शेवंता नाचणकरच्या. पाणवठे नोंदवायला ठेवलेली बाई. तुम्हीच शिफारस केली होतीत. दोनशे बारा पाणवठे पायी फिरून नोंदवले म्हणते. तिचा अक्षांश-रेखांशांचा तक्ता नकाशात घेतला, तर सगळे ठिपके भर समुद्रात.”

“मग?”

“मग काय, घरी बसून आकडे लिहिलेत. हे तक्रारपत्र. तुमची सही झाली की आजच तिचं काम सुटेल.”

बाबांनी केरसुणी भिंतीला टेकवली. कागद हातात घेतला नाही. पडद्यावरच्या तक्त्यात डोकावले.

“टिंबापुढचे पहिले दोन आकडे वाच.”

“सत्तावन्न… अठ्ठावन्न… एकोणसाठ… एकोणसाठ… शून्य शून्य.”

“साठ?”

“नाही.”

“सत्तर, ऐंशी, नव्वद?”

पराशरने तक्ता वरून खाली नेला. खालून वर आणला.

“नाही… एकदाही नाही.”

“घरी बसून लिहिणारी बाई साठाला एवढी का घाबरेल रे?”



बाबांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि लॅपटॉपच्या कळांवर ठेवलं.

…

“मिनिटं,” पराशर हळूच म्हणाला. “तिच्या हातातलं यंत्र अंश आणि मिनिटं दाखवतं, एका अंशाची साठ मिनिटं. तिने अंश लिहिले, टिंब दिलं, पुढे मिनिटं उतरवली. आणि मी ते सगळं दशांश म्हणून आत घेतलं.”

“तिला विचारलं होतंस?”

“तिला काय विचारायचं, बाबा? चौथी शिकलेली बाई ती.”

“हं. आणि तू?”

पराशरने मिनिटांचा रकाना वेगळा काढला, साठाने भागला, अंशांत मिळवला. तक्ता पुन्हा आत घेतला.

ठिपके समुद्रातून उठले आणि गावागावांत जाऊन बसले. शाळेची बोअर. देवळाची तळी. कातळावरची डबकी. पराशरच्या स्वतःच्या परसातली विहीरसुद्धा, माडाच्या डाव्या अंगाला, जिथल्या तिथे.

तो बराच वेळ त्या एका ठिपक्याकडे बघत राहिला. ती आपल्या परसात कधी येऊन गेली, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मग त्याची मान पुन्हा ताठ झाली.

“एक राहिलाय, बाबा. दोनशे सातवा. हा अजून पाण्यातच आहे. आपल्याच खाडीत, काठापासून चाळीस पावलांवर. मिनिटं तपासली, भागाकार तपासला. आकडा बरोबर आहे.”

“पुढे काय लिहिलंय?”

“लिहिलंय, ‘गोडं पाणी’.” पराशर हसला. “खाडीत गोडं पाणी! बाकीच्यांत मी चुकलो, कबूल. पण ही तर शुद्ध थाप आहे ना? एवढ्या एकीपुरती सही करा.”

बाबांनी आता मात्र कागद घेतला. त्याची घडी घातली, परत पराशरच्या खिशात ठेवली. खाली खाडीकडे पाहिलं…

“ओहोटी लागलीय. झरा उघडा पडेल आता. तांब्या घेऊन जा.”