"कुणी नाही" म्हणणारा राजा

एका राज्यात, अगदी समुद्राला खेटून, एक बंदराचं नगर होतं आणि त्या नगराला असा तट होता की वर बघताना मान दुखावी. कुंभाक्ष नावाच्या मांत्रिकानं तो मंत्र टाकून उभा केला आणि राजा वज्रकेतूला एक नेम घालून दिला. रोज सूर्य बुडताना दर्यादरवाजा लावायचा. द्वारपालानं विचारायचं, "बाहेर कोण?" राजानं म्हणायचं, "कुणी नाही." मग खरोखरच बाहेर कुणी उरत नसे. उशीर झालेला माणूस त्याच क्षणी तटातला दगड होई आणि तट तेवढा वाढे. लोक बिचारे काय करणार? जीव मुठीत धरून वेळेत घरी येत.

एके दिवशी क्षितिजावर काळी शिडं दिसली. राजाच्या तोंडचं पाणी पळालं. शत्रू आला म्हणून त्यानं सूर्य चांगला वर असतानाच दरवाजा लावायला सांगितला आणि द्वारपालानं विचारताच घाईघाईनं "कुणी नाही" म्हणून मोकळा झाला. त्याचा धाकटा मुलगा रणधवल कोळ्यांबरोबर समुद्रात गेला होता, हे कुणी सांगेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. शिडं मात्र तिथंच राहिली, ना पुढं ना मागं.

राजकन्या तारावली भावासाठी रडली, बापावर चिडली, अन्नावरून उठली. तटावर एक म्हातारा कुरव पक्षी बसे. त्याला तिनं उपाय विचारला.

पक्षी म्हणाला, "तीन बुरूज चालून जा. तिसऱ्यावर कुंभाक्ष आहे. दगडांना पुन्हा माणूस करणारी दर्यादरवाज्याची किल्ली त्याच्यापाशी. वाटेत थांबलीस, तर तूही दगड."

पहिल्या बुरुजावर समुद्र चढून आला. पाणी तिच्या गळ्याशी लागलं, नाकातोंडात गेलं, पण ती चालत राहिली. दुसऱ्या बुरुजावर दगड बोलू लागले. कुणी घोटभर पाणी मागितलं, कुणी विचारलं, माझी पोरं जेवली का. आणि त्यात ओळखीचा एक आवाज आला, "ताई, मला थंडी वाजते." सांगतो, बुडणं परवडलं, पण हे नको. ती हुंदके देत चालली, थांबली मात्र नाही.

तिसऱ्या बुरुजावर कुंभाक्ष चणे खात बसला होता. तिनं किल्ली मागितली आणि त्यानं लगेच काढून दिली.

"ने. ज्यानं दार लावलं, त्यानंच या किल्लीनं उघडायचं आणि खरं उत्तर द्यायचं," तो म्हणाला. "दार उघडलं की ती शिडं आत येतील. किल्ली पुष्कळांनी नेली, पोरी. तिनं दार कुणी उघडलं नाही."

या वेळीही तसंच व्हायची वेळ आली. राजानं किल्ली पाहिली आणि त्याला कापरं भरलं. प्रधानानं पाय धरले, एका मुलापायी सगळं नगर मारू नका म्हणून विनवलं. लोकांनी लेकरं छातीशी धरली. खोटं कशाला बोलू, तारावलीलाही क्षणभर वाटलं की प्रधानाचं बरोबर आहे.

ती म्हणाली, "बाबा, मलाही फार भीती वाटते. उघडा."

राजानं किल्ली कुलपात घातली. द्वारपालानं विचारलं, "बाहेर कोण?"

"माझा मुलगा," राजा म्हणाला. "आणि ज्यांना ज्यांना मी कुणी नाही म्हटलं, ते सगळे."

दार उघडलं. काळी शिडं सुसाट आत आली. लोकांनी डोळे मिटले. मग कुणीतरी हळूच उघडून पाहिलं, तर गलबतं रिकामी होती. दगड झालेल्या माणसांचीच ती, मालकावाचून समुद्रात भटकून शिडं बुरशीनं काळी पडलेली. तट थराथरानं उतरू लागला आणि प्रत्येक थरातून माणसं खाली येऊन घराकडे धावली. कुंभाक्षाखालचा बुरूजही माणसांचाच होता. ती माणसं निघून गेली तसा कुंभाक्ष वाळूवर आपटला आणि त्याला एकही मंत्र आठवेना.

रणधवल सर्वांत शेवटी आला, कुडकुडत. राजानं आपला शेला त्याच्यावर घातला. पोरानं तो घेतला, पण बापाशी बोलायला त्याला पुष्कळ दिवस लागले.

आता त्या नगराचा तट कमरेएवढा आहे. संध्याकाळी राजा दर्यादरवाज्यात येऊन बसतो आणि शेवटची होडी आल्याशिवाय उठत नाही. क्षितिजावर अनोळखी शीड दिसलं की त्याचे हात अजून कापतात, म्हणून तो ते मांडीखाली दाबून ठेवतो.