घंटा न वाजवण्याचा महिना

मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे सात. हिमाचलमधलं थांगमो गाव, गोम्पाचं, म्हणजे बौद्ध मठाचं अंगण.

“मेमे, आवाजानं बर्फ कोसळत नाही. कितीदा सांगू तुम्हाला?”

रिग्झिन वैतागला होता. हिमस्खलनाचा धोका मोजणारा सरकारी अधिकारी तो, पण याच गावचा. समोर बसलेल्या म्हाताऱ्या लामांनी त्याला अक्षरं शिकवली होती. सगळं गाव त्यांना मेमे, म्हणजे आजोबा म्हणायचं.

“नाही कोसळत,” मेमे म्हणाले. “मी कुठं तसं म्हणतोय?”

“मग हे काय चाललंय? ढोल बंद, घंटा बंद, याकांच्या घुंगरांना चिंध्या बांधलेल्या. दर वर्षी, वरचा उतार मोकळा होईपर्यंत.”

“...चहा घे.”

“उद्या खालच्या नव्या शाळेचं उद्घाटन आहे. धोका नाही, असं मला आज लिहून द्यायचंय.”

“नाही का धोका?”

“बर्फात खड्डा खणून पाहिला. आकडे काठावरचे आहेत. असेही वाचता येतात, तसेही.”

“तुझे साहेब कसे वाचतात?”

साहेबांनी फीत कापायची कात्री आधीच पाठवून दिली होती.

“आणि तू?”

“मी शिकलोय, मेमे. मला कुणी येऊन...”

मेमेंनी तळहात त्याच्या तोंडावर ठेवला. वर्गात बडबड केली की ठेवायचे, तसाच.

रिग्झिनची कानशिलं तापली. हात काही हलेना. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. कुणाच्या तरी चुलीतलं लाकूड. छपरावरून ठिबकणारं पाणी.

...आणि वरून काहीतरी दबकं, पोटात जाणवेल असं. धप्प.

हात खाली आला.

“हे काय असतं रे?” मेमेंनी विचारलं. “आमच्या म्हाताऱ्यांनी एवढंच सांगितलं, हे ऐकू यावं म्हणून गप्प राहा. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.”

“आतला कच्चा थर बसला.” रिग्झिनचा आवाज उतरला होता. “वरचं सगळं आता अधांतरी आहे.”

तो उठलाच. “खालची आळी वर आणतो. गोम्पात मावतील सगळे?”

“दाटीनं बसू. जा.”

दुपारी वरच्या उताराचा बर्फ खाली आला. शाळेच्या छपराचा निळा कोपरा तेवढा बर्फाबाहेर राहिला. गोम्पात पोरं वाडग्यांतून गरम थुकपा ओरपत होती. मेमेंनी स्वतः ढोल काढून त्यांच्या हवाली केला होता, आणि पोरं तो फुटेस्तोवर बडवत होती.

रिग्झिन त्या निळ्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

“साहेब म्हणतात, गावात सपाट मोकळी जागा तेवढीच होती.”

“होती ना,” मेमे म्हणाले. “इथं शेळी बांधायला जागा मिळत नाही, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या मोकळी. का, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही.”