कपाटावरचं नाव

"यात माझा काय दोष, माई?"

विद्याधर सबनीस ओसरीवर टेकायच्या आतच बोलले. ते दर गुरुवारी शहरातून या डोंगराखालच्या मठात येत. आज मंगळवारीच आले होते.

मठ सांभाळणाऱ्या माई वाती वळत होत्या.

"घर रंगवायचं होतं. जुनं कपाट, फाटका सोफा, गाद्या... सगळं न्यायला टेम्पोवाले बोलावले. त्यांचा धंदाच तो. आणि त्या नालायकांनी ते इथे तुमच्या झऱ्यात आणून ओतलं! गाव शिव्या मला देतंय!"

"तुलाच कसं ओळखलं?"

सबनीस घुटमळले.

"कपाटावर नाव आहे. लग्नात मामांनी दिलेलं... दारावर रंगाने लिहून घेतलं होतं. 'चि. विद्याधर व चि. सौ. कां. नीलांबरी यांस सप्रेम भेट.'"

अंगणात गावातली सुगंधाबाई रिकामी कळशी घेऊन उभी होती. तिला राहवलं नाही.

"लई सप्रेम भेट दिली हो साहेब! गाद्या कुजल्यात पाण्यात. कापूस झऱ्याच्या तोंडाशी बसलाय. लेकरांना काय पाजू, तुमचा सोफा?"

"मला काय सांगता? त्या टेम्पोवाल्यांना धरा!"

"त्यांचं नाव कुठंय कपाटावर?"

सबनीस लालबुंद झाले. त्यांनी पिशवीतून रंगाचा डबा काढला आणि माईंपुढे आपटला.

"तेवढं नाव आज मी पुसून टाकतो. तुम्ही फक्त गावाला सांगा, माई, की हा माणूस निर्दोष आहे. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. नाहीतर हे लोक मला मठाची पायरी चढू देणार नाहीत. इतक्या वर्षांची माझी सेवा..."

माईंनी डब्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"टेम्पोवाल्यांना काय सांगितलं होतंस?"

"काय सांगायचं? म्हटलं, घेऊन जा. परत दिसायला नको."

"कुठे नेणार, ते विचारलंस?"

"ते मी कशाला विचारू?"

"बरं..."

माईंनी देवापुढचं एक केळं उचलून त्यांच्या हातावर ठेवलं.

"खा. उन्हातून आलास."

सबनिसांनी रागारागातच खाल्लं. साल हातात राहिली. ते इकडेतिकडे बघू लागले.

"आण इकडे."

माईंनी साल घेतली आणि सुगंधाबाईच्या हातात दिली.

"घेऊन जा गं. परत दिसायला नको."

सुगंधाबाई क्षणभर माईंकडे बघत राहिली. मग कळशी खाली ठेवून पायरीपाशी गेली. तिथे सबनिसांचे काळे बूट होते, लखलखीत पॉलिश केलेले. तिने साल डाव्या बुटात सारली. बोटांनी पार पुढे, टोकापर्यंत ढकलली. वाकून पाहिलं.

"न्हाई दिसत, माई."

"अहो!" सबनीस ताडकन उठले. "माझा बूट आहे तो! माई, बघितलंत? तुमच्या डोळ्यांदेखत... या बाईला काही बोलणार की नाही तुम्ही?"

माईंनी पुढची वात वळायला घेतली.

"तो रंगाचा डबा तिला दे, विद्याधर. बुटावर तुझं नाव असेल, तर तेही पुसून टाकेल ती."