कडू पाल्याच्या शेळ्या

एका तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांचे कॉलेज होते. तिथे कालिंदी नावाची मुलगी शरीरक्रियाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. हृदय कसे चालते, रवंथ कशी होते, भीती वाटली की रक्तात काय उसळते, असला तो अभ्यास. मुलगी मेहनती. हाती घेतलेले काम अर्धवट सोडायची नाही.

प्रबंधासाठी तिने डोंगरावरचा एक कडू पाला घेतला. तो खाल्ला की जनावर कमी घाबरते, असे तिचे मार्गदर्शक बेलसरे सर यांचे म्हणणे. गोठ्यात शेळ्यांचे दोन कप्पे केले. एकाला पाला घातलेला भरडा, दुसऱ्याला नुसता भरडा. पाला नेमका किती पोटात गेला ते कळावे म्हणून कालिंदी तो स्वतःच्या ओंजळीतून भरवी. दुसऱ्या कप्प्यापुढे गोठ्यावरचा गडी घमेले ठेवून निघून जाई. मग कालिंदी स्टेथोस्कोप लावून सगळ्यांच्या हृदयाचे ठोके मोजी.

पाल्याच्या शेळ्यांचे हृदय संथ, बाकीच्यांचे धडधडते. आकडे असे देखणे की सर खूश झाले. मोठ्या परिषदेत निबंध वाचायचे ठरले. पशुखाद्याच्या एका कंपनीने तर, पदवी हातात पडताच रुजू व्हा, असे कालिंदीला सांगून ठेवले.

मध्येच तिला चुलतभावाच्या लग्नाला जावे लागले. काम तिने वर्गातल्या इरावतीवर सोपवले. परत येऊन पाहते तर दोन्ही कप्पे सारखेच धडधडणारे.

"इरे, तुला ठोके मोजता येतात ना?"

"छे गं! मी आपली शेळ्यांना विचारून विचारून लिहिलं."

"चेष्टा नको. पाला घातला होतास ना?"

"घातला होता. घमेल्यात कालवून, चाटूनपुसून खाल्ला त्यांनी. आता माझे कान चुकले की तुझ्या शेळ्या, ते तूच बघ."

कालिंदी तडक गोठ्यात गेली. तिला पाहताच पाल्याच्या शेळ्या दाराशी धावत आल्या आणि ओंजळ हुंगू लागल्या. बाकीच्या मागच्या भिंतीला चिकटल्या. रोजच असे होई. आज तिला ते दिसले.

बैलबाजारात धन्याच्या हाती बैल गाईसारखा गरीब असतो. म्हणून शहाणे गिऱ्हाईक कासरा परक्याच्या हातात देते आणि बाजूला उभे राहून बघते. इरावतीच्या हाती नकळत तेच झाले होते. आता कालिंदीने उलट बाजूने पाहिले. नुसत्या भरड्याच्या शेळ्यांना ती ओंजळीतून भरवू लागली. काही आठवड्यांत त्यांचेही ठोके उतरले. पाल्याचा एक कण पोटात नसताना!

आता इरावतीचे आकडे बाजूला सारले असते, तर कुणी विचारलेही नसते. निबंध होता, पदवी होती, नोकरी होती. कालिंदी दोनदा सरांच्या दारापर्यंत जाऊन परतली. तिसऱ्यांदा आत गेली.

"सर, पाल्यात काही नाही. त्या शेळ्या मला ओळखतात, एवढंच."

सरांनी चष्मा काढला. "परिषद तोंडावर आलीय, कालिंदी. आणि तुझ्या नोकरीचं काय?"

"जाईल, सर."

"अगं, पाला घातलास, ठोके कमी आले. यात खोटं काय लिहिलंयस? ओंजळीतून कोण भरवत होतं, हे कुणाला कळणार आहे?"

"शेळ्यांना कळलंय, सर."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनीही त्या पाल्यात बरीच वर्षे घातली होती. मग परिषदेला फोन लावून त्यांनी निबंध मागे घेतला, आणि फोन ठेवताना म्हणाले, "जा, पहिल्यापासून सुरुवात कर."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. कालिंदीची पदवी वर्षभर लांबली. बेलसरे सरांच्या विभागात मात्र तेव्हापासून दंडक पडला, की जो भरवतो त्याने मोजायचे नाही.

तात्पर्य: तोलणाऱ्याने आधी आपलाच हात पारड्यावर नाही ना, ते पाहावे, आणि असलाच, तर कुणी पाहिले नसले तरी नुकसान सोसून तो आपणच उचलावा.