एका रुपयाचा मचवा

"एक रुपया! त्यात लाकूड, त्यात कापूस, त्यात तेल, त्यात शीड आणि त्यातच तुझी मजुरी. नारळी पौर्णिमेला माझा मचवा पाण्यावर दिसला नाही, तर तुझी सगळी हत्यारं सरकारजमा."

हैबतराव महाराजांनी धाकू मेस्ताला जुना मचवा दुरुस्त करायचा हुकूम सोडला. धाकू होड्या बांधणारा सुतार. त्याच्याकडे घर बेताचं, जमीन नावाला नाही, जे काय होतं ते वाकस, पटाशी आणि करवत. आणि मचवा म्हणजे महाराजांच्या आजोबांची शिडाची होडी. माडवली बंदराच्या वाळूत ती इतकी वर्षं उपडी पडली होती, की खेकड्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यात सुखाने नांदून गेल्या होत्या. शेजारच्या संस्थानिकाने यंदा नवा मचवा पाण्यात सोडला आणि तेव्हापासून आमच्या महाराजांची झोप उडाली. मिरवायचं तर होतं, पण खर्चाचं नाव काढलं की त्यांना ताप भरायचा. शिवाय हट्टी असे, की एकदा तोंडातून आकडा निघाला की प्रत्यक्ष देवानेही घासाघीस करू नये.

धाकू घरी आला आणि वाकस मांडीवर घेऊन बसला. "रुपयात खिळे तरी येतले काय? आणि हत्यारां गेली तर आपण खावचा काय?"

त्याची लेक सगुणा मासे साफ करत होती. विळीला धार जास्त की तिच्या जिभेला, हे गावात अजून ठरलं नव्हतं.

"बाबा, मचवो कोणाचो?"

"महाराजांचो."

"बुडलो तर भिजतलो कोण?"

"जो बसतलो तो."

"मगे तुम्ही कित्या घोर करतास? रुपयो माका द्या."

सगुणाने त्या रुपयात एक फळी घेतली नाही की मूठभर कापूस घेतला नाही. मचव्याच्या भेगा तिने खाडीच्या चिखलाने लिंपल्या, कारण चिखल फुकट होता. वरून गेरू आणि चुना फासला. आईची जुनी लुगडी जोडून शीड उभं केलं. मग रुपया मोडून तिने फुलांच्या माळा आणल्या, मखमलीचा एक लोड आणला आणि ढोलताशेवाले ठरवले. धाकू हे सगळं बघत होता आणि मनातल्या मनात हत्यारांचा निरोप घेत होता.

पौर्णिमेच्या आठवडाभर आधी सगुणा ढोल वाजवत राजवाड्यावर गेली. "मचवो तयार असा, महाराजानू. पण मालकाचो पाय लागल्याशिवाय दुरुस्त केलेलो मचवो आम्ही पाण्यात घालणव नाय. बंदराची रीत असा."

महाराज आनंदाने उठून उभेच राहिले. "बघा दिवाणजी, रुपयात झाला! आणि तुम्ही मला पन्नास सांगत होता. सगळे मिळून लुटता मला!"

त्याच दुपारी सारा गाव किनाऱ्यावर लोटला. रंगवलेला मचवा खरोखरच नवरीसारखा सजला होता. महाराज लोडावर बसले, शेजारी दिवाणजी, सुकाणूवर सगुणा आणि वल्ह्यांवर तिचे दोन चुलतभाऊ. ढोल वाजले, मचवा निघाला. खाडीच्या मध्यावर येईपर्यंत महाराज शेजारच्या संस्थानिकाला नावं ठेवत होते. तेवढ्यात पाण्याने चिखल धुऊन नेला.

"अगं, माझा जोडा भिजला!"

"भिजतलो, महाराजानू. खाडी असा ती."

"पण पाणी आत येतंय!"

"रुपयात इतक्याच तरंगता."

पाणी लोडावर चढलं. महाराजांनी धोतर सावरलं आणि किनाऱ्याकडे बघून आवाज लावला, "खजिनदार, याला नव्या फळ्या द्या!"

"सागवानाच्यो?" सगुणाने सुकाणू न सोडता विचारलं.

"सागवानाच्या!"

"भेगांत भरूक कापूस? तेल?"

"कापूस द्या! तेल द्या! शीडसुद्धा नवं द्या!"

"महाराज, खिळे राहिले!" कमरेइतक्या पाण्यात बसलेले दिवाणजी ओरडले. त्यांनी सांगितलेल्या खर्चाला महाराजांनी आयुष्यात पहिल्यांदाच हरकत घेतली नाही.

"आणि बाबांची हत्यारां?" सगुणाने सुकाणू आणखी घट्ट धरलं.

"त्याची हत्यारं त्याच्याकडेच राहतील! कुणी हात लावायचा नाही. मजुरी दुप्पट! आता तरी वाचव गं!"

किनाऱ्यावर सगळा गाव साक्षीला होता. सगुणाने लुगड्याचा काचा खोचला आणि मचव्यातून खाली उडी मारली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. बोलता बोलता तिने मचवा वाळूच्या दांड्यावर नेऊन टेकवला होता. "उतरा महाराजानू, चलत जावया."

ढोलवाल्यांचे हात थांबले. गुडघाभर पाण्यात आपण जिवाच्या आकांताने ओरडत होतो, हे महाराजांना कळलं आणि गावालाही कळलं. कुणी हसायचं धाडस करेना. धाकूने डोळे गच्च मिटून घेतले.

महाराज तसेच बसून राहिले. त्यांची पगडी शेजारी तरंगत होती. रागाने लाल होऊन त्यांनी विचारलं, "आणि माझा रुपया? माझ्या रुपयाचं काय केलंस तू?"

"तो तुमका हयसर आणूक खर्च झालो," सगुणा म्हणाली. "मचवो दुरुस्त करूक दुसरो स्वस्त उपाय नव्हतो."

महाराजांनी ओली पगडी पाण्यातून उचलून डोक्यावर ठेवली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते इतके हसले, की लोडावरून घसरून पाण्यात बसले आणि तिथे बसूनही हसत राहिले. शेवटी डोळे पुसून त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं, एकदा त्याच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि सगुणाच्या हातात दिलं. संस्थानच्या सगळ्या होड्यांचं काम त्यांनी तिथल्या तिथे धाकू मेस्ताला दिलं आणि खर्चाचा आकडा यापुढे सगुणाच सांगेल, असं दिवाणजींना बजावलं.